मुखवटा आधी, प्रवेश नंतर: आयआरसीवर आयपी झाकताना

आयआरसी म्हणजे इंटरनेट रिले चॅट, मजकुरातून गप्पा मारायची जुनी प्रणाली. तिच्यावर एखाद्या चॅनेलमध्ये (गप्पांच्या खोलीत) पाऊल ठेवलं की तिथे आधीपासून बसलेल्या प्रत्येकाच्या क्लायंटला (आयआरसी वापरायच्या प्रोग्रामला) एक ओळ जाते: आधी निक (टोपणनाव), मग उद्गारचिन्ह, मग युजरनेम, मग ॲटचं चिन्ह आणि शेवटी होस्ट. हा शेवटचा तुकडा म्हणजे तुमच्या जोडणीचा पत्ता. तो कळायला कोणी हूइज (एखाद्याची माहिती विचारणारी कमांड) करण्याचीही गरज नाही, जॉइनच्या ओळीबरोबरच तो सगळ्यांना वाटला जातो. चॅनेलमध्ये लॉग ठेवणारा बॉट असेल तर कायमचा टिपलाही जातो. १९८८ साली फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी हे सुरू केलं तेव्हा होस्ट म्हणजे बहुतेक वेळा अनेकांनी मिळून वापरायचं एखादं यंत्र असे. मे १९९३ मध्ये आरएफसी १४५९ या दस्तऐवजाने नियम कागदावर आले, तेही त्याच समजुतीने. घरोघरी स्वतंत्र जोडणी आल्यावर तोच रकाना थेट माणसाच्या दारापर्यंत जाऊ लागला.

तो पत्ता झाकण्याचं, म्हणजे खऱ्या होस्टच्या जागी दुसरा होस्ट दाखवणारा ‘मुखवटा’ (क्लोक) चढवण्याचं काम मी ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने लिहितो. अर्धं काम क्रमाचंच आहे, म्हणून. कमांडची आणि मोडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची. उदाहरणासाठी घेतलेला २०३.०.११३.४५ हा पत्ता केवळ दस्तऐवजांत वापरण्यासाठी राखलेल्या गटातला आहे, तो कोणाच्या घरचा नाही.

सुरुवातीलाच दोन क्लायंट उघडले. एक नेहमीचा, ज्याचा पत्ता झाकायचा आहे तो. दुसरा निरीक्षक: वेगळ्या जोडणीवरून, म्हणजे मोबाइल डेटावरून, वेगळ्या निकने आणि कुठल्याही खात्यात लॉगिन न करता. हा दुसरा नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं, कारण स्वतःच स्वतःला हूइज केल्यावर सर्व्हर इतरांना न दाखवलेली माहितीही दाखवतो. ३७८ क्रमांकाची ‘अमुक पत्त्यावरून जोडलेला आहे’ अशी ओळ त्यातलीच. ती फक्त स्वतःला आणि सर्व्हरचालकांना दिसते. मुखवटा नीट चढलेला असूनही ही ओळ पाहून घाबरणारे खूप, आणि उलट बाजूने, आपल्याच खिडकीत मुखवटा पाहून निर्धास्त होणारेही तितकेच. खरं काय ते निरीक्षकाच्या खिडकीत पाहायचं.

निरीक्षकाकडून पहिला हूइज केला की तीन गोष्टी दिसतात. होस्टच्या जागी बहुधा नुसता आकडा नसतो. सर्व्हर आयपीवरून उलटं नाव शोधतो, मग त्या नावावरून पुन्हा आयपी शोधून दोन्ही जुळतात का पाहतो. जुळले तर नाव दाखवतो, नाही तर आयपी. हे नाव डीएसएल-२०३-०-११३-४५ अशा थाटाचं असतं आणि पुढे सेवा देणाऱ्या कंपनीचं डोमेन असतं, कधी त्यात शहराचं नावही. म्हणजे नाव आकड्यापेक्षा जास्तच बोलतं.

दुसरी गोष्ट युजरनेम. त्याच्या आधी लाटेसारखं चिन्ह असेल तर तुमच्या यंत्राने ११३ क्रमांकाच्या पोर्टवर आयडेंटचं (जोडणी कोणत्या लॉगिनची हे सांगणाऱ्या सेवेचं) उत्तर दिलेलं नाही, नाव क्लायंटने सांगितलेलं आहे. चिन्ह नसेल तर आयडेंटने उत्तर दिलंय, आणि त्यात यंत्रावरचं तुमचं खरं लॉगिन नाव गेलं असण्याची शक्यता आहे. तिसरी गोष्ट ‘रिअल नेम’. बरेच क्लायंट काही न भरल्यास संगणकाच्या खात्यावरचं नाव उचलतात. होस्ट झाकायला आठवडा घालवायचा आणि या रकान्यात पूर्ण नाव तसंच ठेवायचं, हे नेहमी पाहायला मिळतं. दोन्ही रकाने क्लायंटच्या सेटिंगमध्ये आधी बदलून घेतले. हे बदल पुन्हा जोडल्यावरच लागू होतात, चालू जोडणीवर नाही.

ब्राउझरमधून गेटवेमार्फत (वेबपानाला आयआरसीशी जोडणाऱ्या मध्यस्थामार्फत) येणाऱ्यांना एक वेगळा फास आहे. काही गेटवे वापरणाऱ्याचा आयपी सोळाच्या पायावर बदलून युजरनेममध्ये घालतात, जेणेकरून बंदी घालता यावी. मग युजरनेम ‘सीबी००७१२डी’ असं दिसतं. निरर्थक वाटतं, पण दोन-दोन अक्षरं तोडली की २०३, ०, ११३, ४५. होस्टवर मुखवटा आणि शेजारच्याच रकान्यात पत्ता. गेटवेचं युजरनेम आपल्या हातात नसतं, त्यामुळे झाकून बसायचं असेल तर स्वतंत्र क्लायंटच बरा.

मग प्रश्न येतो की नेटवर्क, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरांचा समूह, काय देतं. याबाबतीत नेटवर्कांचे ढोबळ तीन प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात जोडल्या क्षणी सर्व्हर स्वतःहून झाकतो. अनरिअल आयआरसीडी किंवा इन्स्पआयआरसीडी ही सर्व्हरची सॉफ्टवेअरं चालवणारी बरीच नेटवर्कं अशी असतात. काम करतो तो ‘एक्स’ हा युजर मोड (वापरणाऱ्याच्या निकवर लागणारी सेटिंग). कधी तो आपोआप लागतो, कधी स्वतःच्या निकवर अधिक एक्स असा मोड लावावा लागतो. लागल्यावर ३९६ क्रमांकाचं उत्तर येतं आणि त्यात नवा होस्ट लिहिलेला असतो. अनरिअलमध्ये नाव नसलेला आयपी झाकला की हॅशचे (पत्त्यावरून काढलेल्या, सहज उलटा न वाचता येणाऱ्या अक्षरसमूहाचे) तीन तुकडे आणि शेवटी ‘आयपी’ असा शब्द येतो. पहिला तुकडा पूर्ण पत्त्याचा, दुसरा पहिल्या तीन आकड्यांचा, तिसरा पहिल्या दोन आकड्यांचा. ही रचना मुद्दाम केलेली आहे. ऑपला (चॅनेल सांभाळणाऱ्याला) खरा पत्ता न कळताही शेवटचे दोन तुकडे धरून त्या आख्ख्या पट्ट्यावर बंदी घालता येते. याचा अर्थ असाही होतो की एकाच घरून आलेल्या दोन निकांचा मुखवटा तंतोतंत सारखा असतो. वेगळं निक घेऊन वेगळा माणूस होता येत नाही.

पत्त्याला नाव असेल तर झाकणं आणखी अर्धवट होतं. नावाचा सुरुवातीचा भाग हॅशने बदलतो आणि मागचं डोमेन तसंच राहतं. इन्स्पआयआरसीडीमध्ये अर्धं झाकायचं की पूर्ण हे नेटवर्क चालवणारा ठरवतो. निरीक्षकाकडून पाहिल्यावर कंपनीचं डोमेन दिसत असेल तर समजायचं की अर्धंच झाकलंय. आपल्या बाजूने त्यावर काही करता येत नाही, पुढे येणारा व्हीहोस्ट (मागून घेतलेला होस्ट) किंवा बाउन्सर (तुमच्या वतीने जोडलेला राहणारा मधला प्रोग्राम) हेच उपाय.

इथे हॅशच्या भक्कमपणाबद्दल थोडं. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाखांच्या घरात. ऐकायला प्रचंड, पण सगळ्यांचे हॅश काढून जुळवून पाहणं आजच्या साध्या यंत्रालाही जड नाही. म्हणून नेटवर्कचे चालक हॅशमध्ये गुप्त किल्ल्या मिसळतात. अनरिअलमध्ये अशा तीन लांबलचक किल्ल्या असतात आणि नेटवर्कच्या सगळ्या सर्व्हरांवर त्या एकसारख्याच लागतात. किल्ल्या फुटल्या तर पुढचेच नव्हे, जुन्या लॉगमधले मुखवटेही उघडतात. चार हौशी मंडळींनी चालवलेल्या नेटवर्कवर मुखवटा घेताना ही गोष्ट मनात असू द्यावी.

तिसरा प्रकार आधी उरकतो, कारण तिथे सांगण्यासारखं थोडं आहे. ईएफनेट आणि १९९६ साली त्यातून फुटलेलं आयआरसीनेट ही जुन्या वळणाची नेटवर्कं. परंपरेने निक नोंदवायची सेवा नाही, खातं नाही, मुखवटाही नाही. तिथे झाकायचं तर जोडणीच दुसरीकडून न्यायची.

खरी गुंतागुंत दुसऱ्या प्रकारात आहे, जिथे मुखवटा खात्याशी बांधलेला असतो. १९ मे २०२१ रोजी फ्रीनोड या नेटवर्कच्या कर्मचाऱ्यांनी बाहेर पडून सुरू केलेलं लिबेरा चॅट, ओएफटीसी, क्वेकनेट आणि अंडरनेट यांतली ठळक नावं. क्वेकनेटवर क्यू या बॉटकडे आणि अंडरनेटवर एक्स या बॉटकडे लॉगिन करायचं आणि मग एक्स मोड लावायचा, की होस्टच्या जागी तुमचं खातं, मग ‘युजर्स’ आणि नेटवर्कचं नाव असं दिसतं. एकदा लावलेला हा मोड त्या जोडणीत काढता येत नाही. ओएफटीसीवर निक नोंदवून आणि पडताळून झाल्यावर निकसर्व्हला (निक नोंदवणाऱ्या सेवेला) ‘सेट क्लोक ऑन’ असं सांगायचं.

लिबेरावर असं केलं. निकसर्व्हला ‘रजिस्टर’ ही कमांड पासवर्ड आणि ईमेलसह पाठवली. ईमेलवर पडताळणीची ओळ आली, ती जशीच्या तशी चिकटवली. ही पायरी राहिली तर खातं अर्धवट राहतं आणि पुढचं काहीच होत नाही. मेल दिसली नाही तर स्पॅममध्ये पाहायचं. मग लिबेरा-क्लोक या चॅनेलमध्ये जाऊन उद्गारचिन्ह आणि त्याला लागून ‘क्लोकमी’ लिहिलं. बॉटने ‘युजर’, तिरकी रेघ आणि खात्याचं नाव असा मुखवटा दिला. अर्थात या चॅनेलमध्ये शिरताना आपण उघडेच असतो. त्यामुळे तिथे जाण्याआधी बाकी सगळी चॅनेलं सोडलेली बरी, आणि हे काम शक्यतो घरच्या जोडणीवरून न केलेलं उत्तम. एखाद्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात काम करत असाल तर युजरऐवजी प्रकल्पाच्या नावाचा मुखवटा मिळू शकतो. तो त्या प्रकल्पाचे नेमलेले प्रतिनिधी मागतात.

होस्टसर्व्ह ही सेवा असलेल्या नेटवर्कवर मनासारखा होस्ट मागता येतो. ‘रिक्वेस्ट’ ही कमांड द्यायची, कोणी चालक मंजुरी देईपर्यंत थांबायचं आणि मग ‘ऑन’. यालाच व्हीहोस्ट म्हणतात. मंजुरीनंतर ‘ऑन’ द्यायला विसरतात आणि ‘मिळाला नाही’ म्हणून पुन्हा अर्ज करतात, हा तिथला नेहमीचा गोंधळ.

मुखवटा मिळाला म्हणजे काम झालं असं वाटतं. ते खरं तर इथून सुरू होतं, कारण मुखवटा चढतो तो लॉगिननंतर, आणि चॅनेलमध्ये शिरणं लॉगिनच्या आधी झालं तर सगळं मुसळ केरात. नेहमीचा क्लायंट जोडला की निकसर्व्हला पासवर्ड पाठवतो आणि लगेच ठरलेल्या चॅनेलांत घुसतो. निकसर्व्ह हा वेगळा प्रोग्राम आहे, उत्तर द्यायला त्याला क्षण-दोन क्षण लागतात. तेवढ्यात जॉइनची ओळ खऱ्या होस्टसह गेलेली असते. एवढ्यावरही थांबत नाही. होस्ट बदलला हे चॅनेलमधल्या इतर क्लायंटांना कळावं म्हणून सर्व्हर ‘होस्ट बदलत आहे’ अशा कारणाने तुम्हाला बाहेर पडल्याचं दाखवतो आणि लगेच नव्या होस्टने आत आल्याचं दाखवतो. जाण्याच्या ओळीत खरा पत्ता, येण्याच्या ओळीत मुखवटा, दोन्ही एकाखाली एक. हा पत्ता याच मुखवट्याचा, असं जाहीर केल्यासारखंच. नव्या क्लायंटांना हेच जाणं-येणं न दाखवता एका ओळीत कळवण्याची सोय आयआरसीव्ही३ या नव्या नियमांमध्ये आहे, पण त्या ओळीतही जुना होस्ट असतोच.

यावर जुना उपाय म्हणजे थांबून शिरणं. हेक्सचॅट या क्लायंटमध्ये जोडल्यापासून चॅनेलांत शिरेपर्यंतचा वेळ सेकंदांत ठरवता येतो आणि तो मुळात ५ असतो. एरवी पुरतो. पण सेवा संथ असल्या, किंवा नेटस्प्लिट होऊन (सर्व्हरांमधली जोडणी तुटून) सेवांचा सर्व्हरच पलीकडे गेला, तर ५ काय नि ५० काय. पक्का उपाय सॅसल.

सॅसलमध्ये लॉगिन जोडणीच्या आतच होतं, सर्व्हरने स्वागत करण्याआधी. क्लायंट आधी सर्व्हरला काय-काय जमतं ते विचारतो, सॅसल मागतो, खातं आणि पासवर्ड देतो, ९०३ हा यशाचा क्रमांक येतो आणि त्यानंतरच ००१ म्हणजे स्वागताची ओळ. मुखवटा त्या आधीच चढलेला असतो, त्यामुळे चॅनेलला खरा होस्ट कधी दिसतच नाही. ‘प्लेन’ या पद्धतीत पासवर्ड बेस६४ मध्ये जातो. ते कुलूप नव्हे, नुसतं वेष्टन आहे. म्हणून जोडणी कूटबद्ध करणारं टीएलएस हवंच. त्याचं नेहमीचं पोर्ट ६६९७. सवयीने ६६६७ लिहून टीएलएस चालू केलं की जोडणी हस्तांदोलनातच अडकते, आणि लोक दोष सॅसलला देतात.

हेक्सचॅटमध्ये नेटवर्कच्या यादीत संपादन उघडून लॉगिनच्या पद्धतीत सॅसल निवडायचं. त्याच्याच आसपास निकसर्व्हचाही पर्याय असतो, तो निवडला तर पुन्हा लॉगिन आणि शिरणं यांची तीच जुनी शर्यत. खात्याच्या जागी खात्याचं मूळ नाव लागतं, आज घेतलेलं निक नव्हे. ९०४ क्रमांकाने सॅसल फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. टर्मिनलवाल्यांसाठी इर्सी आणि वीचॅट हे क्लायंट आहेत (वीचॅट म्हणजे चिनी मेसेजिंग ॲप नव्हे, नावं सारखी आहेत इतकंच). वीचॅटमध्ये सॅसलची पद्धत, खातं आणि पासवर्ड हे तीन पर्याय सर्व्हरनिहाय भरायचे.

आणि आता ज्यावर सगळं अडतं ते: सॅसल फसलं तर क्लायंट काय करतो? काही क्लायंट ‘नाही तर नाही’ म्हणत तसेच पुढे जातात आणि उघड्या होस्टने चॅनेलांत शिरतात. वीचॅटमध्ये सॅसल फसल्यावर काय करायचं याचा वेगळा पर्याय आहे. तो ‘कंटिन्यू’ असता कामा नये, ‘डिस्कनेक्ट’ किंवा ‘रीकनेक्ट’ ठेवायचा. इर्सीतही फसल्यावर जोडणी तोडण्याची सेटिंग आहे, ती चालू हवी. झेडएनसी हा बाउन्सर वापरत असाल तर त्याच्या सॅसल मॉड्यूलला ‘रिक्वायरऑथ येस’ असं सांगायचं. ज्या क्लायंटमध्ये अशी सोयच नाही, त्यात चॅनेलांची आपोआप शिरण्याची यादी रिकामी ठेवून हाताने शिरायचं. कंटाळवाणं आहे, पण नेटस्प्लिटच्या रात्री तेच वाचवतं.

हे तपासायचं कसं, तर मुद्दाम बिघडवून. निरीक्षकाला एका रिकाम्या चॅनेलमध्ये बसवलं, मुख्य क्लायंटच्या आपोआप शिरण्याच्या यादीत फक्त तेच चॅनेल ठेवलं आणि पासवर्डचं एक अक्षर चुकवून जोडलं. निरीक्षकाच्या खिडकीत काहीही दिसता कामा नये. मग पासवर्ड बरोबर करून दहा वेळा तोडलं, दहा वेळा जोडलं. प्रत्येक वेळी पहिलीच ओळ मुखवट्यासह यायला हवी. शर्यतीचा दोष असा असतो की नऊदा नीट चालतं आणि दहाव्यांदा उघडं पडतं. एकदा तपासून उपयोग नाही.

चॅनेलच्या बाहेरही पत्ता गळण्याच्या जागा आहेत. निक बदलताना आणि बाहेर पडताना सर्व्हर जुन्या निकाची नोंद हूवॉजसाठी (निघून गेलेल्या निकाची माहिती विचारणाऱ्या कमांडसाठी) ठेवतो. त्यात त्या क्षणी दिसत असलेला होस्ट असतो. म्हणजे उघड्या अवस्थेत निक बदलून मग लॉगिन केलं तर जुन्या निकाखाली पत्ता काही काळ पडून राहतो. निकसर्व्हच्या ‘इन्फो’मध्येही शेवटचा पत्ता दिसू शकतो. अनोप प्रणालीच्या सेवांवर ‘सेट हाइड’ या कमांडने तो आणि ईमेल लपवता येतात. ॲथीम प्रणालीवर ‘सेट प्रायव्हेट ऑन’ आणि ‘सेट हाइडमेल ऑन’.

डीसीसी हे मात्र उघडंनागडं दार आहे. फाइल किंवा थेट गप्पांसाठी डीसीसीचा प्रस्ताव पाठवला की त्या संदेशातच तुमचा आयपी जातो, एका मोठ्या आकड्याच्या रूपात. २०३.०.११३.४५ चा आकडा ३४०५८०३८२१. समोरच्याने पाठवलेला प्रस्ताव आपण स्वीकारला तर आपलं यंत्र थेट त्याच्या यंत्राला जोडतं, म्हणजे पत्ता कळणारच. कोणत्याही बाजूने मुखवट्याचा इथे संबंध येत नाही, कारण सर्व्हर मध्ये नसतो. क्लायंटमध्ये डीसीसी आपोआप स्वीकारणं बंद केलं, शक्य तिथे पूर्णच बंद केलं. सीटीसीपीच्या (एका क्लायंटने दुसऱ्याला विचारायच्या प्रश्नांच्या) ‘व्हर्जन’ आणि ‘टाइम’ला दिलेल्या उत्तरांनी पत्ता कळत नाही, पण टाइममधून तुमच्या घड्याळाचा प्रदेश कळतो. तेही बंद.

दुवे हा त्याहून साधा सापळा. कोणीतरी खासगीत एक दुवा पाठवतो, तुम्ही उघडता, त्याच्या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये पत्ता हजर. चित्रांची झलक आपोआप आणणारे क्लायंट तर क्लिकचीही वाट पाहत नाहीत. प्रत्येकाला वेगळा दुवा दिला की कोणत्या निकाचा कोणता पत्ता हेही त्याला कळतं.

आणखी एक प्रकार कमी लोकांना ठाऊक असतो. मुखवटा असला तरी चॅनेलची बंदी अनेक सर्व्हरांवर खऱ्या पत्त्याशीही ताडून पाहिली जाते, नाही तर मुखवटा बदलून बंदी चुकवता आली असती. अनरिअलमध्ये आणि चारिबडिसच्या घराण्यातल्या सर्व्हरांत, ज्यात लिबेराचा सोलॅनमही आला, असंच आहे. आता समजा एखाद्याने स्वतःच्या चॅनेलमध्ये तुम्हाला बोलावलं आणि पत्त्यांच्या अर्ध्या पट्ट्यावर बंदी घातली. तुम्हाला शिरता आलं नाही तर तुम्ही त्या अर्ध्यात, आलं तर दुसऱ्या अर्ध्यात. पुन्हा त्याचं अर्धं. बत्तीस वेळा हे केलं की पूर्ण पत्ता हाती. त्यासाठी तुम्ही वारंवार यावं लागतं, म्हणून बाहेर काढल्यावर आपोआप परत शिरण्याची सेटिंग आणि आमंत्रणावर आपोआप शिरण्याची सेटिंग, दोन्ही बंद ठेवाव्यात. अनोळखी चॅनेल आत-बाहेर करायला लावत असेल तर निघून जावं.

मुखवटा सर्व्हरचालकांपासून काही लपवत नाही, त्यांना खरा आयपी दिसतोच. त्यांच्यापासूनही लपवायचं, किंवा मुखवटाच नसलेल्या नेटवर्कवर जायचं, तर जोडणी वळवावी लागते. भाड्याच्या यंत्रावर झेडएनसी ठेवला की नेटवर्कला त्या यंत्राचा पत्ता दिसतो. तिथे उलट्या नावाकडे लक्ष द्यावं. हौसेने त्या पत्त्याला स्वतःच्या डोमेनचं नाव लावलेलं असेल तर घरचा आयपी झाकून आपण दारावर पाटी लावली असा प्रकार होतो. आणि बाउन्सरमधून पाठवलेल्या डीसीसीच्या प्रस्तावात पत्ता क्लायंटचाच जाऊ शकतो, तेवढं बाउन्सरने सुटत नाही.

व्हीपीएनमध्ये दोन ठिकाणी फसगत होते. ती तुटली की क्लायंट इमानदारीने दुसऱ्या क्षणी उघड्या जोडणीवरून पुन्हा जोडतो. व्हीपीएन नसेल तेव्हा बाहेरची वाटच बंद करणारा किल स्विच चालू नसेल तर हे होणारच. दुसरं आयपीव्ही६. व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ वळवत असेल आणि सर्व्हरला दोन्ही पत्ते असतील तर क्लायंट आयपीव्ही६ निवडून मोकळा होतो. त्या पत्त्याचा शेवटचा भाग बदलत राहिला तरी सुरुवातीचा भाग तुमच्या घराचाच असतो. व्हीपीएन चालू ठेवून निरीक्षकाकडून पाहिलं आणि होस्टमध्ये विसर्गचिन्हासारख्या जोडबिंदूंनी तोडलेला लांब पत्ता दिसला, तर हेच झालंय. क्लायंटला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगणं हा चटकन होणारा उपाय.

टॉर (जोडणी अनेक यंत्रांतून फिरवून पत्ता लपवणारं जाळं) बऱ्याच नेटवर्कांवर अडवलेलं असतं. लिबेरा कांद्याच्या (‘ओनियन’, म्हणजे टॉरच्या आतल्या) पत्त्यावर वेगळं दार देतं, पण तिथे पासवर्डचं सॅसल चालत नाही, किल्लीवर किंवा प्रमाणपत्रावर आधारलेलं लागतं. शिवाय खातं आधी टॉरच्या बाहेरून नोंदवलेलं हवं, म्हणजे नोंदणीच्या वेळचा पत्ता नेटवर्कला माहीत असणारच. क्लायंटमध्ये प्रॉक्सी सॉक्स५, पोर्ट ९०५०, टॉर ब्राउझर चालू ठेवून वापरत असाल तर ९१५०. सर्व्हरचं नावही प्रॉक्सीतूनच शोधलं जातंय ना हे पाहायचं. तो शोध घरच्या डीएनएसकडे (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेकडे) गेला तर कुठे जाताय ते सेवादात्याला कळलंच. प्रमाणपत्र प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळं बनवलं, कारण त्याचा ठसा काही नेटवर्कांवर हूइजमध्ये दिसतो आणि एकच ठसा दोन ठिकाणच्या दोन निकांना जोडून देतो.

राहिले जुने लॉग. मुखवट्याआधी जो पत्ता चॅनेलांत गेला तो लोकांच्या डिस्कवर आहे आणि तिथून पुसता येत नाही. बदलणारा आयपी असेल तर राउटर बंद करून काही वेळाने चालू केल्यावर बहुधा नवा मिळतो, स्थिर असेल तर सेवादात्याकडेच मागावा लागतो. यातही क्रम महत्त्वाचा. नवा पत्ता आधी घेऊन मग सॅसल जुळवत बसलो तर चाचण्यांमध्येच तोही खर्ची पडतो. म्हणून सगळ्या चाचण्या जुन्या पत्त्यावर पुऱ्या केल्या, चुकीच्या पासवर्डला क्लायंट बाहेरच थांबतो हे पाहिलं, मग क्लायंट बंद करून राउटर बंद केला, नवा पत्ता घेतला आणि त्यानंतरच जोडलं. निरीक्षकाच्या खिडकीत एकच ओळ आली: निक, लाटेचं चिन्ह लागलेलं बनावट युजरनेम, आणि ॲटच्या पुढे मुखवटा.